आज रात्री कोणता ग्रह कुठे असेल?

२०२५ च्या जानेवारी आणि फेब्रुवारी महिन्यांत ‘ग्रहांची परेड’ या मथळ्याच्या बातम्या जिकडेतिकडे झळकत होत्या. आधी सहा ग्रह एका रांगेत दिसणार होते, फेब्रुवारीच्या अखेरीस त्यांचे सात झाले, आणि योग दुर्मीळ असल्याचे पालुपद प्रत्येक बातमीला जोडलेले होते. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ही बातमी वाचून, जेवणे आटोपून, रात्री अकराच्या पुढे जो कोणी गच्चीवर गेला असेल त्याला मंगळ जवळजवळ डोक्यावर आणि गुरू पश्चिमेकडे झुकलेला दिसला असेल. शुक्र आणि शनी मात्र मुंबई-पुण्यात साडेनऊच्या सुमारासच मावळून गेले होते. बातमी खोटी नव्हती, पण कोणता ग्रह किती वाजता आणि कोणत्या दिशेला पाहायचा, हे पाहणाऱ्याच्या गरजेचे तेवढेच तिच्यात नव्हते.

हे शोधून काढायला फारसे गणित लागत नाही. ग्रह आकाशात सूर्यापासून किती अंश दूर आहे आणि सूर्याच्या कोणत्या बाजूला आहे, एवढे ठाऊक असले की त्याची वेळ आणि दिशा दोन्ही आपोआप हाती येतात. हा लेख त्या एका गोष्टीबद्दल आहे.

## सूर्याची वाट तीच ग्रहांची वाट

वर्षभरात सूर्य ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर ज्या मार्गाने सरकताना दिसतो, त्या मार्गाला क्रांतिवृत्त म्हणतात. मेषेपासून मीनेपर्यंतच्या बारा राशी याच मार्गावर आहेत. सूर्याभोवती फिरणाऱ्या सर्व ग्रहांच्या कक्षा जवळजवळ एकाच पातळीत आहेत. पृथ्वीच्या कक्षेच्या तुलनेत बुधाची कक्षा सात अंशांनी कललेली आहे, बाकीच्यांचा कल साडेतीन अंशांच्या आतच आहे. त्यामुळे चंद्र आणि ग्रह क्रांतिवृत्ताला धरूनच फिरतात. सप्तर्षींच्या आसपास किंवा ध्रुवताऱ्याजवळ एखादा तेजस्वी ‘ग्रह’ दिसल्याचे कोणी सांगितले, तर ते विमान असेल, उपग्रह असेल किंवा तारा असेल, ग्रह नक्की नसेल.

‘ग्रह एका रांगेत’ या बातमीतले निम्मे नवल इथेच ओसरते, कारण ग्रह दोन दिसोत वा पाच, ते नेहमी याच एका वाटेवर, म्हणजे साधारण रांगेतच दिसतात. रांग नेहमीचीच असते. एकाच संध्याकाळी किती जण क्षितिजाच्या वर आहेत, एवढीच काय ती बातमी. त्यातही तीन-चार तेजस्वी ग्रह एकाच वेळी दिसणे हे काही आठवडे टिकणारे आणि दर एक-दोन वर्षांनी कोणत्या ना कोणत्या रूपात घडणारे दृश्य आहे.

महाराष्ट्र आणि गोवा या बाबतीत सुदैवी आहेत. आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते, तो शून्य सावलीचा दिवस शाळाशाळांतून आता साजरा होतो. ज्या वाटेने सूर्य डोक्यावर येऊ शकतो तिच्यावरूनच ग्रहही तितके उंच येतात. २०२६ च्या जानेवारीत मिथुन राशीतला गुरू मध्यरात्रीच्या सुमारास आपल्याकडे जवळजवळ माथ्यावर होता. त्याच काळात लंडनच्या माणसाला तो दक्षिणेकडे तिरपी मान करून पाहावा लागत होता.

तारा आणि ग्रह यांतला फरक डोळ्यांना बहुधा लगेच कळतो. तारे इतके दूर आहेत की त्यांचा प्रकाश एकाच बिंदूतून येतो, आणि वातावरणातल्या हालचालींनी तो थरथरतो. ग्रहाचे बिंब लहान का होईना, पण बिंब असते. त्याच्या निरनिराळ्या भागांतून येणाऱ्या किरणांची थरथर एकमेकींना सांभाळून घेते आणि प्रकाश स्थिर वाटतो. क्षितिजाजवळ मात्र हवेचा थर इतका जाड असतो की तिथे ग्रहसुद्धा लुकलुकतात.

## होळीभोवतीची रिंगणे

सूर्याशी असलेला संबंध समजण्यासाठी पेटलेली होळी डोळ्यांसमोर आणावी. तिच्याभोवती वेगवेगळ्या अंतरांवरून माणसे फेऱ्या मारत आहेत. आपण तिसऱ्या रिंगणात आहोत, आत दोन रिंगणे आहेत आणि बाकीची बाहेर. आतल्यांचा वेग जास्त, बाहेरच्यांचा कमी. (प्रदक्षिणा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे घालतात, उत्तरेकडून पाहिले तर ग्रह नेमके उलट फिरतात, पण त्याने इथे काही बिघडत नाही.)

आतल्या रिंगणातल्या दोघांकडे पाहायचे तर आपल्याला होळीकडेच तोंड करावे लागते. ते ज्वाळांच्या डावीकडे असतील, उजवीकडे असतील, समोर किंवा मागे असतील, पण आपल्या पाठीशी ते कधीही येणार नाहीत. हे दोघे म्हणजे बुध आणि शुक्र. बाहेरच्या रिंगणातल्या माणसाचे तसे नाही. तो होळीच्या पलीकडे असला तर ज्वाळांमुळे दिसत नाही, आणि आपल्या बाजूला, पण बाहेर असला तर होळीकडे पाठ केल्यावर तो अगदी समोर दिसतो. तोंडावर पूर्ण उजेड पडलेला, आणि नेहमीपेक्षा सर्वांत जवळ. हे मंगळ, गुरू आणि शनी.

होळीकडे तोंड म्हणजे दिवस आणि होळीकडे पाठ म्हणजे मध्यरात्र, एवढे लक्षात आले की पुढचे सगळे याच चित्रातून वाचता येते.

## अंशांचे तास कसे करायचे

पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे आकाश तासाला १५ अंश सरकते. ग्रह सूर्याच्या पूर्वेला ४५ अंशांवर असेल, तर तो सूर्यास्तानंतर साधारण तीन तासांनी मावळेल आणि संध्याकाळी पश्चिमेला दिसेल. तो सूर्याच्या पश्चिमेला ४५ अंशांवर असेल, तर सूर्योदयाच्या साधारण तीन तास आधी उगवेल आणि पहाटे पूर्वेला दिसेल. हा हिशेब ढोबळ आहे, वीस-पंचवीस मिनिटे इकडेतिकडे होतात, पण गच्चीवर कधी जायचे हे ठरवायला तो पुरतो. हात पूर्ण लांबवून धरलेली मूठ आकाशात सुमारे दहा अंश झाकते, त्यामुळे अंश मोजायला उपकरणही लागत नाही.

हाच हिशेब सात ग्रहांच्या बातमीला लावून पाहण्यासारखा आहे. २८ फेब्रुवारी २०२५ च्या संध्याकाळी शनी सूर्यापासून जेमतेम दहा-अकरा अंशांवर होता. दहा-अकरा अंश म्हणजे सूर्यास्तानंतर पाऊण तास, आणि त्यातला बहुतेक वेळ संधिप्रकाशात जातो. नेपच्यून साध्या डोळ्यांना कधीच दिसत नाही. युरेनस दिसला तर अत्यंत अंधाऱ्या जागेवरून, तोही नेमकी जागा माहीत असणाऱ्याला. हे दोघे दुर्बिणीच्या जमान्यातले ग्रह आहेत, एक १७८१ मध्ये सापडला आणि दुसरा १८४६ मध्ये. म्हणजे सातांपैकी तीन ग्रह सर्वसाधारण माणसासाठी कागदावरच होते. उरलेले चार पाहण्याजोगेच होते. त्यांना सातांच्या आकड्याची भर घालण्याची काही गरज नव्हती.

## शुक्र मध्यरात्री का दिसत नाही?

आतल्या रिंगणात असल्यामुळे शुक्र सूर्यापासून सुमारे ४७ अंशांपलीकडे कधीच जात नाही. वरच्या हिशेबाने हे तीन तासांच्या आसपास झाले. म्हणून शुक्राची चांदणी एक तर तिन्हीसांजेला पश्चिमेला असते किंवा पहाटे पूर्वेला. आपल्याकडून मध्यरात्री डोक्यावर झळाळणारा ‘शुक्र’ पाहिला असे कोणी सांगत असेल, तर तो बहुतेक वेळा गुरू असतो, आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे असेल तर व्याधाचा तारा.

शुक्राचे एक पूर्ण चक्र ५८४ दिवसांचे असते. त्यात तो साधारण साडेआठ महिने संध्याकाळी दिसतो, मग वेगाने सूर्याकडे खाली उतरत जातो, काही दिवस दिसेनासा होतो आणि लगेच पहाटेच्या आकाशात उगवू लागतो. पहाटेचे साडेआठ महिने संपले की तो सूर्याच्या मागे जातो आणि या वेळी त्याची गैरहजेरी दीड-दोन महिन्यांची असते. १० जानेवारी २०२५ ला तो संध्याकाळच्या आकाशात सूर्यापासून सर्वाधिक दूर होता, २३ मार्चला पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधून गेला, आणि एप्रिलपासून पहाटे दिसू लागला. अशी पाच चक्रे मिळून जवळजवळ बरोबर आठ वर्षे होतात. त्यामुळे जानेवारी २०१७ मध्ये शुक्र जिथे होता तिथेच तो जानेवारी २०२५ मध्ये होता, आणि जानेवारी २०३३ मध्येही तिथेच सापडेल. ज्याने आठ वर्षांची एक वही ठेवली, त्याला शुक्रापुरते पंचांग घरीच तयार करता येईल.

बुधाची मर्यादा याहून कडक आहे. तो सूर्यापासून १८ ते २८ अंशांच्या पुढे जात नाही, म्हणजे जास्तीत जास्त पावणेदोन-दोन तास, आणि त्यातून संधिप्रकाश वजा केला की पाऊण तासाची संधी उरते. तीही काही दिवसच, कारण ८८ दिवसांत सूर्याची फेरी पूर्ण करणारा हा ग्रह थांबत नाही. आपल्या अक्षांशावर सूर्य क्षितिजाखाली बराच सरळ उतरतो आणि अंधार लवकर पडतो, त्यामुळे उत्तर युरोपातल्या लोकांपेक्षा आपल्याला बुध सापडणे सोपे आहे. अडचण असते ती इमारतींची आणि क्षितिजावरच्या धुरक्याची. कोकणच्या किनाऱ्यावर समुद्राकडे मोकळे क्षितिज असते. हिवाळ्याच्या शेवटी तिथे बुध शोधावा.

## रात्रभर दिसणारे तिघे

बाहेरचा ग्रह सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला आला की त्या स्थितीला प्रतियुती म्हणतात. सूर्य मावळताना तो उगवतो, मध्यरात्री सर्वांत उंच असतो आणि सूर्य उगवताना मावळतो. त्याच सुमारास तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ आणि सर्वांत तेजस्वी असतो. ग्रह पाहण्यासाठी एकच तारीख लक्षात ठेवायची असेल, तर ती ही. त्यानंतर तो दर महिन्याला सुमारे दोन तास आधी उगवू लागतो, तीन महिन्यांनी सूर्यास्ताच्या वेळी डोक्याच्या आसपास असतो, आणि पुढे पश्चिमेच्या संधिप्रकाशात विरून जातो.

गुरूची प्रतियुती दर तेरा महिन्यांनी येते: ३ नोव्हेंबर २०२३, ७ डिसेंबर २०२४, १० जानेवारी २०२६. दर वेळी तारीख एक महिना पुढे आणि ग्रह एक रास पुढे, कारण गुरूला सूर्याभोवती फिरायला जवळजवळ बारा वर्षे लागतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो तो याच कारणाने. गुरू सिंह राशीत आला की कुंभमेळा, म्हणून २००३, २०१५ आणि आता २०२७. शनीला एक फेरी करायला साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणजे एका राशीत अडीच वर्षे. तीन राशींची मिळून साडेसात वर्षे होतात आणि साडेसातीचा कालावधी तिथून येतो. साडेसातीत काय होते हा खगोलशास्त्राचा विषय नाही, पण तिची लांबी मात्र शनीच्या कक्षेने ठरवलेली आहे.

मंगळ जवळचा आणि चपळ आहे, त्यामुळे त्याला गाठायला पृथ्वीला वेळ लागतो. त्याची प्रतियुती सुमारे २६ महिन्यांनी येते, आणि मधल्या बऱ्याचशा काळात तो दूरचा, मध्यम तेजाचा तांबूस ठिपका असतो.

## पंचांगातले ‘वक्री’ आणि ‘अस्त’

रिंगणात आपण बाहेरच्या माणसाला मागे टाकतो तेव्हा, दूरच्या झाडांच्या पार्श्वभूमीवर, तो काही क्षण मागे सरकल्यासारखा वाटतो. तो पुढेच चाललेला असतो. आपण त्याला ओलांडत असतो. ग्रह वक्री होतो म्हणजे एवढेच घडते. गुरू दर तेरा महिन्यांत सुमारे चार महिने वक्री असतो, शनी साडेचार महिने, मंगळ दोन-अडीच महिने.

यात ग्रह पाहणाऱ्यासाठी एक उपयोगाची खूण दडलेली आहे. बाहेरच्या ग्रहाला आपण ओलांडतो तो क्षण म्हणजेच प्रतियुती, आणि ती वक्री काळाच्या साधारण मध्यावर येते. म्हणून पंचांगात मंगळ, गुरू किंवा शनी वक्री झाल्याचे वाचले, तर घाबरण्यापेक्षा दुर्बीण बाहेर काढावी. तो ग्रह पाहण्याचा तोच सर्वोत्तम काळ आहे. बुध आणि शुक्र यांचे मात्र उलट असते. ते आपल्याला आतून ओलांडतात, तेव्हा ते पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधे असतात, त्यामुळे त्यांच्या वक्री काळातला मोठा भाग सूर्याच्या झगमगाटात जातो.

‘अस्त’ हा शब्द पंचांगात दोन अर्थांनी येतो. एक रोजचा मावळण्याचा अस्त, आणि दुसरा म्हणजे सूर्याच्या इतके जवळ जाणे की ग्रह काही आठवडे दिसतच नाही. गुरूचा किंवा शुक्राचा अस्त असताना विवाहमुहूर्त काढत नाहीत हे बहुतेक घरांत ठाऊक असते. त्या प्रथेबद्दल ज्याचे-त्याचे मत काहीही असो, अस्त आणि उदय यांच्या तारखा या निव्वळ दिसण्या-न दिसण्याच्या नोंदी आहेत, आणि त्या दृष्टीने साधे पंचांग हे आपल्या घरातले ग्रहदर्शनाचे चांगले वेळापत्रक आहे.

## ग्रह एकत्र आले की भूकंप होतात का?

ही शंका जुनी आहे. ३ ते ५ फेब्रुवारी १९६२ या दिवसांत सूर्य, चंद्र, बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी मकर राशीत आले, केतूला धरून आठ झाले, आणि ‘अष्टग्रही’च्या धास्तीने देशभर यज्ञयाग झाले. जगबुडी काही झाली नाही. वरचा हिशेब लक्षात ठेवला तर या योगातली गंमत अशी दिसते की सगळे ग्रह सूर्याच्याच राशीत गोळा झाल्यामुळे ते दिसतच नव्हते. त्या वेळच्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा न्यू गिनी आणि पॅसिफिक महासागर यांवरून गेला, तिथेच काय ते दिसण्याची शक्यता होती. ज्या योगाची सर्वाधिक भीती बाळगली गेली, तो पाहण्याच्या दृष्टीने सर्वांत निरुपयोगी होता.

गुरुत्वाकर्षणाचे उत्तरही आकड्यांत देता येते. भरती-ओहोटी घडवणारा ओढीतला फरक अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. ग्रहांपैकी पृथ्वीच्या सर्वांत जवळ येणारा शुक्र अगदी जवळ असतानाही सुमारे चार कोटी किलोमीटर दूर असतो, आणि त्याचा हा परिणाम चंद्राच्या परिणामाच्या सुमारे वीस हजारावा भाग भरतो. चंद्र रोज दोनदा समुद्र वर-खाली करतो. त्याच्या वीस हजाराव्या भागाने जमीन हलण्याची अपेक्षा धरता येत नाही.

## मंगळ चंद्राएवढा दिसतो, असा निरोप येतो त्याचे काय?

ऑगस्ट महिना आला की हा निरोप फिरू लागतो. त्याला एक खरा आधार आहे: २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ पृथ्वीपासून ५ कोटी ५८ लाख किलोमीटरांवर आला होता, आणि इतका जवळ तो सुमारे साठ हजार वर्षांत आला नव्हता. ७५ पट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतून तो साध्या डोळ्यांनी दिसणाऱ्या पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसेल, असे मूळ वाक्य होते. पुढे पाठवता-पाठवता दुर्बीण गळाली आणि वर्षही गळाले. त्या रात्रीसुद्धा मंगळाच्या बिंबाची रुंदी चंद्राच्या सुमारे सत्तरांश होती.

## आपली खरी अडचण: पावसाळा

मुंबई-पुण्याच्या दिव्यांचा ग्रहांवर फारसा परिणाम होत नाही. शुक्र, गुरू, आणि जवळ आलेला मंगळ भर चौकातूनही दिसतात. ढगांचे मात्र तसे नाही. मंगळाच्या सर्वांत जवळच्या प्रतियुती नेहमी जुलै-अखेर ते सप्टेंबर या काळात येतात, कारण मंगळाची कक्षा ज्या बाजूला सूर्याच्या सर्वांत जवळ येते, त्या बाजूने पृथ्वी ऑगस्टच्या शेवटी जाते. २००३ ची ऑगस्टमध्ये होती, २०१८ ची २७ जुलैला, आणि पुढची तशी सप्टेंबर २०३५ मध्ये. अशा वेळी कोकण-घाटमाथ्यावर आकाश दिसणे हेच नशीब. १३ ऑक्टोबर २०२० ची प्रतियुती अंतराने किंचित कमी प्रतीची होती, पण आपल्याकडून ती जास्त चांगली पाहता आली.

शनीची गोष्ट मात्र सुधारत चालली आहे. त्याची प्रतियुती दर वर्षी सुमारे तेरा दिवसांनी पुढे जाते. २०१८ मध्ये ती २७ जूनला होती, २०२२ मध्ये १४ ऑगस्टला, २०२५ मध्ये २१ सप्टेंबरला. २०२६ मध्ये ती ४ ऑक्टोबरला आणि २०२७ मध्ये १८ ऑक्टोबरला येते. म्हणजे यापुढची काही वर्षे शनी दसरा-दिवाळीच्या धुतलेल्या आकाशात रात्रभर असेल. मार्च २०२५ मध्ये त्याची कडी आपल्याकडे कडेने वळल्यामुळे जवळजवळ रेघेसारखी झाली होती. ती आता वर्षागणिक पुन्हा उघडत जातील. साध्या डोळ्यांना कडी दिसत नाहीत, पण लहानशा दुर्बिणीतून दिसतात, आणि १९४४ पासून काम करणाऱ्या पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या हौशी मंडळींच्या आकाशदर्शनात त्या पाहता येतात.

दुर्बिणीशिवाय पाहण्यासारखे काही हवे असेल, तर फेब्रुवारी २०२७ लक्षात ठेवावा. त्या महिन्यात गुरू आणि मंगळ यांच्या प्रतियुती अवघ्या काही दिवसांच्या अंतराने आहेत, दोघेही सिंहेच्या ताऱ्यांच्या परिसरात, आणि आकाश बहुधा स्वच्छ. मंगळ दहा कोटी किलोमीटरांहून थोडा दूरच असल्यामुळे या खेपेला तो २००३ च्या मानाने बराच फिका असेल. दोघांनाही पाहायला पहाटे उठण्याची किंवा मध्यरात्रीपर्यंत जागण्याची गरज नाही. रात्री नऊनंतर पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले की झाले.